किकराची कुंडी

१

सकाळी साडेपाचला उठायचं, स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायचं, ते उकळेपर्यंत गच्चीवर जाऊन किकराला अर्धा तांब्या पाणी घालायचं आणि सात वाजता शाळेची वाट धरायची. एकाहत्तरच्या उन्हाळ्यापासून माझा हा नेम होता. मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. शनिवार पेठेत रंगूबाईंच्या घरात वरची एक खोली आणि तिच्यापुढची उघडी गच्ची, एवढं आमचं बिऱ्हाड. खाली रंगूबाई एकट्या राहायच्या.

बिऱ्हाड आमचं म्हणायचं, पण राहायची मी एकटीच. माझे यजमान पलटणीत हवालदार होते, काश्मिरात. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण नुसतं 'हे' 'हे' म्हणत ही हकिकत सांगितली तर ऐकणाऱ्याचा गोंधळ उडेल, म्हणून घेते. सयाजीराव.

एकाहत्तरच्या एप्रिलात ते रजेवर आले तेव्हा ट्रंकेबरोबर तुपाचा एक रिकामा डबा होता, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. आत वीतभर रोप. शेवग्यासारखी बारीक गोल पानं, आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी दोन काटे.

"तिकडं याला किकर म्हणत्यात," ते म्हणाले. "काटं बाभळीवानी, पर जात निराळी. आमच्या तळामागं सगळा डोंगर ह्येचाच. मे म्हैन्यात पांढरं घोस लागत्यात. तुला पत्र लिवाय बसलो की कागदावर फुलं पडत्यात."

कुंभारवाड्यातून कुंडी आणली. खाली खापऱ्या, त्यावर वाळू, मग दोन वाटे तांबडी माती आणि एक वाटा शेणखत, असं सगळं त्यांनी मला उकिडवं बसवून शिकवलं. पाणी बेतानं घालायचं. कमरेएवढं झालं की शेंडा खुडायचा. पोरांनी तोंडात घातलं, शेळीनं खाल्लं तर विषबाधा होते, म्हणून वरच ठेवायचं. कुंडी अपुरी पडली की झाड बाहेर काढून तिसरा हिस्सा मुळं छाटायची.

"थंडी मात्र पायजेच ह्येला," ते म्हणाले. "हितं किती जगंल, सांगता यायचं न्हाई."

ते गेले आणि झाड जगलं. संध्याकाळी दिवेलागणीला त्याची पानं मिटायची, लाजाळूसारखी नव्हे, सावकाश, एकेक जोडी खाली झुकायची. मी वह्या तपासत गच्चीत बसायचे. सोबत वाटायची.

२

डिसेंबरात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लावले. लढाई संपली म्हणून पेठेत पेढे वाटले, त्यानंतर आठव्या दिवशी तार आली. सयाजीराव बेपत्ता.

ते दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. शाळा चुकवली नाही एवढं खरं. झाडाकडे मात्र मी आठ-दहा दिवस फिरकले नाही. एका दुपारी गच्चीवर गेले तर त्याचं एकूण एक पान गळून पडलं होतं. वाळलं असं वाटून मी कुंडीत बोट घातलं.

माती ओली होती. नुसती ओली नाही, गार होती. बोट बधिर होऊन झटकन मागं घेतलं इतकी गार.

मी शास्त्राची शिक्षिका. माठातलं पाणी गार का होतं, हे दर वर्षी सातवीच्या मुलींना सांगते. कच्च्या भाजणीची कुंडी, पाझरणारं पाणी, कोरडी हवा. पण पाणी घातलंच नव्हतं तर पाझरणार काय? दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला तापमापक रुमालात बांधून घरी आणला. शेजारच्या तुळशीच्या मातीत खोचला. एकोणीस अंश. किकराच्या कुंडीत खोचला. पारा उतरत उतरत दोनवर थांबला.

तापमापक बिघडला असेल म्हणून दुसरा आणला. दोन.

फेब्रुवारीत नाथाजी भेटायला आला. शिरवळचा, सयाजीरावांच्याच तुकडीतला. चहा त्याच्या हातात तसाच निवला.

"वैनी, आमी वरच्या चौकीवर व्हतो," तो म्हणाला. "बरफ पडत व्हतं. सयाजी पुढं गेला. परत आला न्हाई. म्या काय बघितलं न्हाई." कपाकडं बघतच तो बोलत होता.

"जिवंत असतील?"

"म्या काय बघितलं न्हाई, वैनी," तो पुन्हा म्हणाला आणि उठला.

त्याला पोचवून मी वर आले. नखानं किकराची साल खरवडली. आतून हिरवीगार होती.

३

एकाहत्तरचा पाऊस बेताचाच झाला होता, बहात्तरचा तर झालाच नाही म्हणा ना. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेनं. बहात्तरच्या मे महिन्यात एका सकाळी रंगूबाई जिना चढून वर आल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, म्हणजे काम तसंच असणार.

"बाई, राग येऊ द्या न्हाईतर न्हाई," त्या म्हणाल्या. "दुनिया पान्यासाठी तडफडाय लागलीया आन् तुमी झाडाला किती वतता?"

"मी घालतच नाही हो. डिसेंबरापासून नाही."

"मग माज्या सैपाकघरात गळतंय काय?"

मी खाली गेले. कुंडी जिथं होती त्याच्या बरोबर खाली, आढ्यातून थेंब पडत होते. घड्याळाच्या ठोक्यासारखे, एकसारखे. रंगूबाईंनी खाली कळशी लावली होती आणि ती निम्मी भरली होती. मी ओंजळीत पाणी घेऊन प्यायले. दातांतून कळ गेली. मी वर जाऊन कुंडी हलवली, दुसऱ्या कोपऱ्यात नेली. दोन दिवसांनी रंगूबाईंनी कळशीही दुसऱ्या कोपऱ्यात नेलेली दिसली.

"गळंना का," आता त्या म्हणत होत्या. "लय ग्वाड पानी हाय. बरफाचं असतंय तसं."

त्यांनी आयुष्यात कधी बर्फ पाहिला होता का, हे मी विचारलं नाही. गच्चीच्या चुन्यात जुनं पाणी मुरलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. उन्हाळ्यात, पाऊस नसताना, चार महिने. मी रोज तापमापक लावत होते. बाहेर अडतीस. तुळशीत एकतीस. किकरात एक. झाडाला पालवी फुटली होती आणि ते माझ्या कमरेपर्यंत आलं होतं. मी शेंडा खुडला. खुडलेल्या जागी पाण्याचा थेंब आला, तो मी पदरानं टिपला.

हे कुणाला बोलले नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. कुठंतरी बर्फ आहे आणि त्याची खूण माझ्या घरात आहे, एवढंच मला पुरत होतं.

४

दिवाळी झाल्यावर मामा आले. माझे सासरे, लालासाहेब. इस्लामपूरजवळच्या गावाहून यष्टीनं यायचे ते नेहमी ऊस नाहीतर शेंगा घेऊन. त्या दिवशी हात रिकामे होते.

"वरीस व्हत आलं, पोरी," ते म्हणाले. "पोराला पानी मिळालं पायजे."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"भटजीला इचारलं. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्येला अग्नी द्यायचा. माहुलीला, संगमावर. आवसंचा दिस धरलाय."

"मामा, ते बेपत्ता आहेत. गेले असं कुणी लिहिलेलं नाही."

"कोन लिवनार? बरफ लिवनार हाय?" मग भिंतीकडं बघत ते म्हणाले, "माज्या सपनात येतंय. थंडीनं कुडकुडतंय आन् म्हनतंय, दादा, मला आत घ्या. म्या आत कसं घिऊ? आग दिली तर उबंला तरी लागंल."

मामा रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी हो म्हणाले.

ते गेल्यावर गच्चीवर जाऊन उभी राहिले. अजून उजेड होता, समोर अजिंक्यताऱ्यावर ऊन होतं, तरी किकराची सगळी पानं मिटलेली होती. हात लावला तर एकेक करून गळाली.

५

अवसेच्या आधीच्या रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, गच्चीवर काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. जाऊन पाहते तो कुंडीला वरपासून खालपर्यंत चीर गेलेली.

कुंडी बदलायलाच हवी होती. मी कुंभारवाड्यात जाऊन मोठी कुंडी आणली, खापऱ्या घातल्या, माती कालवली. मग जुन्या कुंडीच्या फुटक्या कडा हातानं ओढून काढल्या. मातीचा गड्डा तसाच उभा राहिला. तो काळा नव्हता. वरून पांढरी बुरशी आल्यासारखा दिसत होता. तापमापक खोचायला गेले तर तो आत शिरेना. जोर केला तशी नळी मोडली आणि पारा गच्चीभर पसरला.

बर्फ होता तो. साताऱ्यात, भर दुपारी, उन्हात.

माझं डोकं त्या वेळी फार शांत होतं, याचं मला अजून नवल वाटतं. मुळं छाटायची तर माती सुटी व्हायला पाहिजे, एवढाच विचार मी केला. सकाळच्या बंबात पाणी होतं, अजून कोमट. तांब्यानं आणून मी गड्ड्यावर हळूहळू ओतू लागले. एक तांब्या, दोन, तीन. बर्फ कुरकुरत होता. चौथ्या तांब्याला गड्डा मधोमध उकलला आणि पुस्तक उघडावं तसा दोन्ही बाजूंना पडला.

मुळांचं दाट जाळं होतं, केसांसारखं. त्यात एका बाजूला खळगा होता. आधी मला वाटलं, दगड असेल तिथं, निसटून पडला. मग मी ऊन अडवून जरा बाजूला झाले आणि सावली त्या खळग्यात तिरपी पडली.

मूर्तिकाराकडं गणपतीचे साचे असतात. साच्यात तोंड उलटं असतं, नाकाच्या जागी खड्डा असतो, तरी कुणाचं तोंड आहे ते कळतं. इथं कपाळ होतं. मिटलेल्या पापण्या होत्या. मिशीची एक कड होती. डाव्या भुवईत, लहानपणी बैलाचं शिंग लागून पडलेल्या खोकीची तिरपी रेघ होती. मी अंगठा त्या रेघेवरून फिरवला. ती उबदार होती.

किती वेळ, ते माहीत नाही. मुळं ओली होऊन ढिली पडली, खळगा आपोआप मिटला आणि समोर नुसता मुळांचा पुंजका राहिला. छाटणीसाठी आणलेला कोयता शेजारीच होता, पण मुळं छाटायचा धीर झाला नाही. तशीच वेटोळी करून मोठ्या कुंडीत घातली आणि वर माती लोटली.

६

अवसेच्या आदल्या दिवशी शाळेत तार आली. मुख्याध्यापिका बाईंनी वर्गातून बोलावलं तेव्हा मला वाटलं, मामांना काही झालं. पलटणीच्या कचेरीची तार होती. सीमेपलीकडच्या इस्पितळात एक बेनाव जखमी होता, त्यानं आता आपलं नाव सांगितलं होतं. कैद्यांच्या अदलाबदलीत तो परत येणार होता. हवालदार सयाजी.

मामांनी पळसाची पानं गुरांपुढं टाकली. महिनाभरानं सयाजीराव साताऱ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा मामा हार हातात धरून बघतच राहिले आणि तो मलाच घालावा लागला. सयाजीराव वाळले होते. बाकी सगळं तेच. आवाज तोच, चालताना डावा खांदा पडायचा तोही तसाच, भुवईतली खोकही. रंगूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"तीन दिवस बरफात व्हतो म्हनं," त्यांनी सांगितलं. "मला काय आठवत न्हाई. पुढचं वरीसबी आठवत न्हाई. नुसता अंधार. मग एका दुपारी कुनीतरी तोंडावर कोमट पानी वतत व्हतं. तवा जाग आली."

"इस्पितळातली नर्स असेल," मी म्हणाले.

"आसंल," ते म्हणाले.

किकराची माती आता तुळशीच्या मातीसारखीच होती. मी बोट घालून पाहायचे. रंगूबाईंच्या घरातलं गळणं थांबलं. "बंद झालं बगा पानी," त्या हळहळून म्हणाल्या. "सवय झाली व्हती जिभंला."

वर्ष सुखात गेलं, हे मी शपथेवर सांगेन. सयाजीरावांना पलटणीतून सोडलं, पेन्शन बसलं. ते भाजी आणायचे, माझ्या साड्यांना इस्त्री करायचे, मामांना पत्रं लिहायचे. फक्त एक होतं. मी शाळेतून यायचे तेव्हा ते गच्चीवर उभे असायचे, किकराशेजारी, बिनटोपीचे, भर उन्हात. एप्रिलात सुद्धा. अंगावर घामाचा थेंब नसायचा. वर्षभर अंधारात राहिलेला माणूस ऊन मागणारच, असं मी म्हणायचे. स्वतःशीच म्हणायचे, कारण दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

त्या वसंतात झाडाला पहिल्यांदा फुलं आली. पांढरे घोस. वास जिन्यापर्यंत यायचा. आमच्या हवेत ही जात फुलत नाही, असं शेतकी शाळेतले एक गुरुजी सांगून गेले.

७

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत नाथाजी आला. रजेवर होता. सयाजीराव परतल्याचं त्याला पत्रानं कळलं होतं, पण भेट झाली नव्हती. जिना चढून वर आला आणि दारातच उभा राहिला.

"ये की गड्या," सयाजीराव म्हणाले आणि त्याला मिठी मारली. नाथाजीचे हात बाजूला लोंबतच राहिले.

जेवण झालं. पलटणीतल्या लोकांची चौकशी झाली. सयाजीराव सगळ्यांची नावं घेऊन विचारत होते. नाथाजी व्हय, न्हाई एवढंच बोलत होता. तीनच्या गाडीला निघायचं म्हणाला. सयाजीराव म्हणाले, "शालू, तू जा त्येला सोडाय. मी तवर किकराची कुंडी बदलतो. मुळं दाटल्यात."

स्टँडवर गाडी लागली होती. नाथाजी पायरीवर चढला, पुन्हा खाली उतरला.

"वैनी, तवा मी खोटं बोललो."

"काय?"

"बेपत्ता न्हवता त्यो. गोळी लागली, माज्या मांडीवर गेला. डोळं मी मिटलं. वरनं तोफा चालल्या व्हत्या, आनायला जमंना. बरफात खड्डा केला, त्यात ठेवला, वर बरफ लोटलं. परत येऊन नीट करीन म्हनलो. चौकी गेली, परत जायाला मिळालं न्हाई. सोडून आलो म्हनायची लाज वाटली, म्हनून बेपत्ता सांगितलं."

"तुमची चूक होत असेल, नाथाजी. जीव असेल थोडा."

"दोन तास बसलो व्हतो, वैनी. ताठ झाला व्हता." वाहकानं घंटा दिली. त्यानं दोन्ही हात जोडले आणि माझ्याकडं न बघता गाडीत चढला.

मी पेठेतून चालत घरी आले. नाथाजी घाबरला होता, लढाईत माणसाला काहीही वाटतं, नाडी लागत नाही तरी जीव असतो, अशी किती उदाहरणं. वाटेत कोथिंबिरीची जुडी घेतली. जिना चढले.

सयाजीराव गच्चीवर गुडघ्यांवर बसले होते. नवी कुंडी पुढ्यात, त्यात किकर उभा, मुळं अजून अर्धी उघडी. बाजूला तांबड्या मातीचा ढीग.

"गेला?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"हो."

"काय म्हनला?"

"काही नाही. मामांची तब्येत विचारत होता."

त्यांनी दोन्ही हातांनी माती घेतली, मुळांच्या भोवतीनं घातली आणि अंगठ्यांनी दाबत दाबत आत सारली.

"गडी चांगला हाय नाथाजी," ते म्हणाले. "घाईत व्हता, त्येचा दोष न्हाई. पर माती अशी चेपून बसवाय लागती, शालू. मदी पोकळ ऱ्हायली की झाड मरतबी न्हाई आन् धरतबी न्हाई." त्यांनी आणखी एक ओंजळ घातली. "त्येनं वरवरच झाकलं. तोंडावर तर कायच न्हवतं."

मी कोथिंबीर कठड्यावर ठेवली. पळून जावं असं मनात आलं नाही, ओरडावं असंही नाही. समोर माझा नवरा होता, त्याच्या नखांत माती होती, आणि परतल्यापासून पहिल्यांदा तो थकलेला दिसत होता. मी त्यांच्यासमोर खाली बसले. ढिगातली माती ओंजळीत घेतली आणि त्यांच्या हातांशेजारी हात घालून दाबू लागले.

"हां," ते म्हणाले. "आसंच."

माती भरत आली. कडेपर्यंत आली. त्यांनी हात बाहेर काढले, डोळे मिटून मागं भिंतीला टेकले.

"बास, शालू. बसलं आता."

मी दाबत राहिले.